दाताला लागणारी वाळवी : पांढऱ्या डागाकडे वेळीच बघा

'दाताला कीड लागली' असे आपण सगळेच म्हणतो. शब्द जुना आहे आणि त्यामागची समजूत त्याहून जुनी. दातात खरोखरच एखादा किडा शिरतो आणि दात पोखरतो, असे जगभरचे लोक शेकडो वर्षे मानत आले. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घ्यायची आणि मग खाली पडलेले पांढरे 'किडे' दाखवायचे, हा उपाय कितीतरी पिढ्या चालत आला. पण ते किडे नसतात. बी तापली की फुटते आणि तिच्या आतला वळलेला बारीक कोंब बाहेर येतो. तो किड्यासारखा दिसतो, इतकेच. धुरीने घटकाभर बरे वाटले तरी दात आतून झिजतच राहतो.

मग दात पोखरतो कोण? आणि तो पोखरला जातोय हे भोक पडण्याआधी कळू शकते का? या वेळच्या आरोग्याच्या पानावर आम्ही याच दोन प्रश्नांची उत्तरे देत आहोत. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी दाताच्या आतले बारीक फोटो काढले आणि संगणकात हिशेबाचा दात उभा करून तो कसा विरघळतो ते पाहिले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. दाताला भोक पडण्याच्या कितीतरी आधी त्यावर खडूसारखा पांढरा डाग येतो. त्या टप्प्यावर दात जवळजवळ बिनखर्चात वाचतो. भोक पडल्यावर मात्र तो आपोआप कधीच भरून येत नाही.

आपल्या वस्त्यांमध्ये बहुतेक दात डॉक्टरांपर्यंत पोहोचतात ते गाल सुजल्यावर. पांढऱ्या डागाचा टप्पा कुणाच्या नजरेला पडतच नाही. तो नजरेला पडावा म्हणून हा लेख.

आजार सगळ्यांचा, दात मात्र काहींचेच वाचतात

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर तोंडाच्या आरोग्याची पाहणी केली. पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के आणि ३५ ते ४४ वयाच्या माणसांपैकी सुमारे ८० टक्के जणांच्या दातांना कीड आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे २०० कोटी माणसांच्या कायमच्या दातांत आणि ५१ कोटींहून अधिक मुलांच्या दुधाच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे. म्हणजे हा कुणा एका घराचा, एका वस्तीचा आजार नाही.

पण आजार सगळ्यांना होत असला तरी दात सगळ्यांचे सारखे वाचत नाहीत. ज्याच्याकडे पैसा आहे तो रूट कॅनल करून वर कॅप बसवून घेतो. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे तो लवंगाच्या तेलाचा बोळा धरतो, दुकानातून गोळी आणून खातो आणि अगदीच झोप लागेना झाली की एका दिवसाची मजुरी बुडवून दात काढून येतो. दात काढणे स्वस्त पडते. पण पुढे आयुष्यभर एकाच बाजूने चावायचे, भाकरी चहात नाहीतर आमटीत भिजवून खायची, हा खर्च कुठल्या पावतीवर लिहिलेला नसतो. म्हणूनच ज्या टप्प्यावर खर्च नाही तो टप्पा ओळखणे आपल्याला सगळ्यांत जास्त गरजेचे आहे.

कवच कठीण, तरी विरघळणारे

दाताच्या वरच्या पांढऱ्या कवचाला डॉक्टर इनॅमल म्हणतात. आपल्या शरीरातली ही सगळ्यांत कठीण गोष्ट, हाडापेक्षाही कठीण. वजनाने बघितले तर त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून ते खनिज बनते. दाढेच्या टोकावर हे कवच दोन-अडीच मिलिमीटर जाड असते, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या एक-दोन नाण्यांएवढे.

हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते. इनॅमलचे तसे नाही. त्यात जिवंत पेशी नसतात. दात हिरडीतून वर येण्याआधीच ते कवच बनवणाऱ्या पेशी आपले काम संपवून गेलेल्या असतात. त्यामुळे एकदा मिळालेले कवच जन्मभर पुरवायचे असते.

हे कवच आम्लात विरघळते. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये आपल्या पुस्तकात मांडले की तोंडातले जंतू पाव, साखर अशा पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. किड्याची गोष्ट तिथे संपली. आपल्या दातांवर जो चिकट पांढरट थर बसतो, नखाने खरवडला तर नखात येतो, तो म्हणजे या जंतूंची वसाहत. आपण साखर खाल्ली की ती आधी यांच्या पंगतीला जाते.

आम्ल किती आहे हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ पीएच नावाचा आकडा वापरतात. शुद्ध पाण्याचा आकडा ७. आकडा जितका खाली, तितके आम्ल जास्त. दातावरच्या थरात हा आकडा साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागते. अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात माणसांच्या दातांवर हा आकडा प्रत्यक्ष मोजला. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर दोन ते पाच मिनिटांत आकडा धोक्याच्या खाली गेला आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागला. आजही दंतवैद्यक शिकणाऱ्या मुलामुलींना हा आलेख पहिल्यांदा शिकवतात.

याचा अर्थ असा की साखर जिभेवर एक मिनिट राहिली तरी दातावर आम्लाचा मारा अर्धा तास चालतो.

लाळेचा हिशेब

मग आपले सगळ्यांचे दात कधीच का विरघळून गेले नाहीत? कारण लाळ. लाळ साखर धुऊन काढते, आम्ल मारते आणि तिच्यात विरघळलेले कॅल्शियम-फॉस्फेट दाताला परत देते. दिवसभर तोंडात ही देवाणघेवाण चालू असते. दात थोडे देतो, थोडे परत घेतो. देणे वाढले आणि घेणे कमी पडले की डाग येतो.

ही देवाणघेवाण किती वेळात होते याचा हिशेब मांडता येतो. कॅनडातले प्राध्यापक कॉलिन डॉज यांनी १९८३ मध्ये असा हिशेब मांडला. तो इतका सोपा आहे की संगणकाशिवायही समजतो. तोंडात लाळ साठत साठत साधारण १.१ मिलिलिटर झाली की आपण नकळत गिळतो. गिळल्यावरही ०.८ मिलिलिटर लाळ तोंडात उरतेच. शांत बसलेले असताना मिनिटाला सुमारे ०.३ मिलिलिटर नवी लाळ येते. म्हणजे दर मिनिटाला एक घोट गिळला जातो आणि उरलेल्या गोड लाळेत नवी स्वच्छ लाळ मिसळून गोडी थोडी पातळ होते. बादलीत मीठ विरघळवून, थोडे पाणी ओतून टाकून पुन्हा नवे पाणी भरत राहावे, तसे. या हिशेबाने पाच मिनिटांनी साखर एक पंचमांश उरते आणि दहा मिनिटांनी शंभरात चार भाग.

आता यातला एकच आकडा बदला. झोपेत लाळ जवळजवळ सुटतच नाही. नवी लाळ नाही, म्हणून घोट नाही. मग साखर तोंडात तशीच पडून राहते. रात्री बाळाच्या तोंडात साखरेच्या दुधाची बाटली देऊन झोपवले, किंवा मुलाने बिस्किट खाऊन तसेच डोळे मिटले, तर दहा मिनिटांचे काम तासन्‌तास रेंगाळते.

पुढे अशाच हिशेबातून आणि मोजमापातून आणखी एक गोष्ट दिसली. लाळ सगळ्या दातांवर सारखी पोहोचत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, म्हणून ते दात सतत धुतले जातात. वरच्या पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला लाळ सगळ्यांत कमी फिरते. लहान मुलांची कीड वरच्या पुढच्या दातांपासून का सुरू होते आणि खालचे पुढचे दात बहुधा का वाचतात, याचे एक उत्तर इथे मिळते.

ऊसपट्ट्यातले आपण

सातारा आणि सांगली म्हणजे कृष्णा-वारणेचा ऊसपट्टा. दिवाळी झाली की रेठऱ्यापासून सांगलीपर्यंत कारखान्यांची धुराडी पेटतात, गुऱ्हाळावर काकवीचा वास सुटतो. साताऱ्याचे कंदी पेढे आणि तासगावचे बेदाणे सगळीकडे जातात. इथे कुणाला 'गोड खाऊच नका' असे सांगणे म्हणजे पावसात उभे राहून 'भिजू नका' म्हणण्यासारखे आहे. आम्ही तसे सांगणारही नाही.

शास्त्र सांगते ते जरा वेगळे आहे. किती खाल्ले याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे. समजा एका मुलाने जेवणाबरोबर एकदाच चार पेढे खाल्ले. दातावर आम्लाचा मारा एकदाच झाला, अर्धा-पाऊण तास. दुसऱ्या मुलाने तेवढीच साखर दिवसभरात आठ वेळा थोडी थोडी खाल्ली. सकाळी चहा-बिस्किट, शाळेच्या वाटेवर गोळी, मधल्या सुट्टीत आणखी एक, घरी आल्यावर पाच रुपयांचा पुडा. त्याच्या दातावर आठ वेळा मारा झाला, म्हणजे चार तासांहून जास्त. लाळेला परतफेड करायला सवडच मिळाली नाही.

कामावर जाणाऱ्या माणसांचेही हेच. भांगलणीच्या रानात, बांधकामावर, गिरणीत भूक मारायला दिवसातून सहा-सात वेळा साखरेचा चहा होतो. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण दर तासाला दोन घोट घेण्यापेक्षा ठरलेल्या वेळी एकदाच पूर्ण कप प्यावा आणि वर पाण्याची चूळ भरावी. मुलांना मधल्या भुकेला बिस्किटाऐवजी शेंगदाणे, फुटाणे, काकडी, उकडलेले अंडे द्यावे. शेंगदाण्यापासून जंतूंना फारसे आम्ल करता येत नाही आणि ते चावताना लाळही भरपूर सुटते. गूळ साखरेपेक्षा दाताला बरा, ही समजूत खरी नाही. जंतूंना दोन्ही सारखेच.

'किती वेळा' हे महत्त्वाचे आहे हे कळले कसे, तेही सांगितले पाहिजे. स्वीडनमध्ये लुंड गावाजवळ व्हिपेहोल्म नावाचे मतिमंद माणसांचे मोठे रुग्णालय होते. १९४० च्या दशकात तिथल्या माणसांवर साखरेचे प्रयोग झाले. काहींना जेवणात साखर दिली, तर काहींना मुद्दाम बनवलेल्या चिकट टॉफ्या दोन जेवणांच्या मध्ये, दिवसाला २४ पर्यंत. जेवणात साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने गेले. या माणसांची संमती घेतली नव्हती आणि नाही म्हणण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. जगाला मिळालेले हे ज्ञान अशा माणसांच्या दातांवर उभे आहे, ज्यांना कुणी विचारलेच नाही. आज असा प्रयोग कुणाला करता येणार नाही आणि करूही नये. दंत महाविद्यालयांत आता काढलेल्या दातांवर प्रयोग होतात. बाकीचे काम फोटो आणि संगणक करतात. नवे तंत्र चांगले कशासाठी, तर गरिबाचे तोंड प्रयोगशाळा होण्यापासून वाचते यासाठीही.

बाहेरून साबूत, आतून पोकळ

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भोक पडण्याआधी दाताच्या आत काय होते?

दाताच्या आत बघण्याचे पहिले साधन म्हणजे एक्स-रे. रॉन्टजेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये एक्स-रे शोधला आणि दोनच महिन्यांनी जर्मनीत ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी ते २५ मिनिटे स्थिर बसून राहिले होते. आज ते काम क्षणात होते. पण साध्या एक्स-रेची एक मर्यादा आहे. एखाद्या जागचे साधारण ३० ते ४० टक्के खनिज निघून गेल्याशिवाय तिथे काळी सावली दिसत नाही. म्हणजे एक्स-रेवर कीड दिसते तेव्हा ती बरीच पुढे गेलेली असते.

पुढे सीटी स्कॅन आला. डोक्याचे, पोटाचे सीटी स्कॅन आपल्या ओळखीचे आहेत. एकाच वस्तूचे चारही बाजूंनी एक्स-रे काढायचे आणि संगणकाने ते जोडून आतले चित्र उभे करायचे, ही त्याची रीत. लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात जेम्स इलियट आणि त्यांचे सहकारी डोव्हर यांनी १९८२ मध्ये हीच रीत अगदी बारीक वस्तूंसाठी वापरून दाखवली. पहिले चित्र एका छोट्या गोगलगाईच्या शंखाचे होते. नंतर याच तंत्राने दात पाहिले गेले. केसाच्या जाडीहून बारीक तपशील त्यात दिसतो. दात कापावा लागत नाही. त्यामुळे तोच दात आम्लात ठेवून आज, उद्या, आठवड्याने पुन्हा पुन्हा पाहता येतो. कुठल्या कोपऱ्यातून किती खनिज गेले हे मोजता येते.

या चित्रांत जे दिसते ते आपल्या घरच्या वाळवीसारखे आहे. वाळवी लागलेली दाराची चौकट बाहेरून ठाकठीक दिसते. रंगही तसाच असतो. बोट दाबले की आत भुसा. दाताचेही तसेच होते. वरचा केसाहून पातळ थर बऱ्यापैकी शाबूत राहतो आणि त्याच्या खालचे खनिज निघून जाते. आम्ल इनॅमलच्या बारीक भेगांमधून आत शिरते, आतले खनिज विरघळवते आणि ते कॅल्शियम-फॉस्फेट बाहेर येता येता वरच्या थरात पुन्हा बसते. लाळेतले खनिजही तिथेच मिळते. म्हणून वरचे छप्पर टिकते आणि खालची भिंत झिजते.

संगणकाचे काम इथे येते. शाळेतल्या आलेख वहीवर जसे चौकोन असतात, तसे दाताचे हजारो कप्पे संगणकात मांडतात. प्रत्येक कप्प्यात किती खनिज आहे, किती आम्ल शिरले, किती कॅल्शियम बाहेर पडले, याचा हिशेब संगणक क्षणाक्षणाला करतो. मग हिशेबाचा दात आणि स्कॅनमधला खरा दात शेजारी ठेवून जुळतात का ते बघतात. जुळले नाहीत तर आपले गृहीतक कुठे चुकले ते शोधतात. खऱ्या दातावर जे घडायला महिने लागतात ते संगणकात थोड्या वेळात पाहता येते. साखर दिवसातून तीनदा दिली तर काय, आठदा दिली तर काय, फ्लोराइड घातले तर काय, हे सगळे कुणाचाही दात न बिघडवता विचारता येते.

या सगळ्यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, वरचे छप्पर शाबूत आहे तोवर खालची भिंत पुन्हा भरता येते. दोन, छप्पर मोडले की खेळ संपला. तिथे घाण साठते, ब्रश पोहोचत नाही, आणि मग दात भरण्यावाचून इलाज नाही. म्हणूनच जाणते डॉक्टर आता पांढऱ्या डागावर टोकदार सळई जोरात टोचत नाहीत. आपणही सुई, टाचणी, काडीने असा डाग कोरू नये.

घरी तपासणी कशी करायची

त्यासाठी स्कॅनची गरज नाही. मोबाइलची बॅटरी, स्वच्छ सुती फडके आणि दिवसाचा उजेड पुरे.

मुलाला मांडीवर आडवे घ्या. वरचा ओठ हलकेच उचला. पुढच्या दातांचा हिरडीलगतचा भाग बघा. मग फडक्याने दात कोरडा करा, थोडे थांबा आणि पुन्हा बघा. हिरडीच्या कडेने खडूसारखी, चमक नसलेली पांढरी रेघ किंवा डाग दिसतो का?

कोरडा करून का बघायचे? कागदावर पाणी पडले की तो पारदर्शक होतो, सुकला की पांढरा दिसतो. पोकळ झालेल्या इनॅमलचेही तसेच. ओले असताना त्याच्या छिद्रांत पाणी असते आणि डाग लपतो. कोरडे केले की छिद्रांत हवा जाते आणि डाग उठून दिसतो. डाग कोरडा केल्यावरच दिसत असेल तर तो अजून वरवरचा आहे. ओल्या दातावरही दिसत असेल तर तो जास्त खोल गेला आहे. तपकिरी किंवा काळा होऊन मऊ लागत असेल, खड्डा पडला असेल, तर थेट डॉक्टरांकडे जायचे.

पहिला दात आल्यापासून महिन्यातून एकदा अशी तपासणी करा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे डाग वाढतोय की कमी होतोय ते कळेल. डॉक्टरांनाही तो दाखवता येईल. सगळेच पांढरे डाग किडीचे नसतात. काही डाग दात बनतानाच आलेले असतात. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याने तिथल्या मुलांच्या दातांवरही पांढरे-पिवळे पट्टे येतात. शंका आली तर दाखवून घ्या.

सहाव्या वर्षीची दाढ

'दुधाचा दात आहे ताई, पडणारच आहे की,' हे आम्ही नेहमी ऐकतो. दोन कारणांनी हे बोलणे महागात पडते.

एक, दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत कामाच्या असतात. त्या लवकर गेल्या की मूल नीट चावत नाही, ठणक्याने झोपत नाही, शाळेत लक्ष लागत नाही. शिवाय खालून येणाऱ्या दाताची जागा बिघडते.

दुसरे कारण जास्त मोठे. साधारण सहाव्या वर्षी, कुठलाही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. वर दोन, खाली दोन. आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. पण ती कायमची असते, जन्मभराची. नुकती आलेली असल्याने तिचे कवच अजून पक्के झालेले नसते, खाचा खोल असतात आणि मुलाचा ब्रश तिथे पोहोचत नाही. तरुणपणी दाढ काढून आलेल्या कितीतरी जणांनी हीच दाढ गमावलेली असते. पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या तोंडात सगळ्यांत मागे बघा, ती दाढ आली का. आली असेल तर तिच्या खाचा सिमेंटसारख्या पदार्थाने बंद करून घेण्याबद्दल दंतवैद्यांना विचारा. त्यात दात कोरावा लागत नाही, दुखत नाही.

डाग परत भरायचा कसा

डाग दिसला तर घाबरू नका. पुढची कामे नेमाने करा.

फ्लोराइड असलेली पेस्ट वापरा. डब्यावर 'फ्लोराइड' आणि '१००० पीपीएम' असे लिहिलेले बघून घ्या. महागडी असण्याची गरज नाही. फ्लोराइडमुळे परत भरणारे खनिज आधीपेक्षा पक्के बसते. साधे इनॅमल ५.५ ला विरघळू लागते, तर फ्लोराइडचे खनिज ४.५ च्या आसपास. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. थुंकायला लावा, गिळू देऊ नका. पेस्ट थुंकल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरू नये, म्हणजे फ्लोराइड दातावर राहते.

रात्री झोपताना ब्रश हवाच. सकाळचा एकवेळ चुकला तरी चालेल, रात्रीचा नको. का ते लाळेच्या हिशेबात आपण पाहिले. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत.

राखुंडी, कोळसा, विटेची पूड, खरखरीत मंजन बंद करा. आधीच पोकळ झालेले छप्पर त्याने घासून निघते.

आणि मशेरी. कुणी मिसरी म्हणते. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड आपल्या आजी, मावशी, आत्या दिवसातून तीन-तीन वेळा लावतात. दात घट्ट होतात, ठणका थांबतो, असे त्या सांगतात. ठणका थांबल्यासारखा वाटतो तो तंबाखूच्या नशेने. खरे म्हणजे हिरडी मागे सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळाला इनॅमल नसते, ते सौम्य आम्लातही विरघळते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर त्याहून मोठा. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि मंजनावर सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली. घरच्या तव्यावर मात्र कायदा पोहोचत नाही, तिथे घरच्याच लेकी-सुनांना बोलावे लागेल. एकदम सुटत नसेल तर आधी मुलांच्या हाती देणे थांबवा. तिथून सुरुवात होते.

कुठे जायचे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येते. त्यांच्या तपासणीत दातही आहेत. पथक आले की शिक्षिकेला, अंगणवाडी ताईंना आधीच सांगून ठेवा : 'नुसता खड्डा बघू नका, ओठ उचलून पांढरा डागही बघा.'

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय आणि सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. शिवाय सांगलीत भारती विद्यापीठाचे, जवळच कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचे आणि कराडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च बहुधा खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतो. जाण्याआधी फी विचारून घ्या आणि दुखत नसतानाच जा.

तिथे दोन गोष्टी विचारा. डागावर फ्लोराइडचा लेप लावता येईल का? खड्डा पडलेल्या दुधाच्या दातावर चांदी आणि फ्लोराइडचे औषध लावता येईल का? हे दुसरे औषध न कोरता, न सुई टोचता कीड थांबवते. मात्र कीड लागलेली जागा कायमची काळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आणि फ्लोराइडची पेस्ट, दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले.

वस्तीत हे एकट्या-दुकट्याने करण्यापेक्षा मिळून करावे. रविवारी विहारात मुले जमतातच. अर्धा तास काढा. एक बॅटरी, स्वच्छ फडकी आणि एक वही एवढेच सामान. प्रत्येक मुलासाठी नवे फडके घ्या आणि आधी हात साबणाने धुवा. वहीत मुलाचे नाव, डाग कुठे आहे आणि सहाव्या वर्षीची दाढ आली का, एवढे लिहा. ज्यांना खड्डा आहे त्यांना त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायचे. ज्यांना नुसता पांढरा डाग आहे त्यांना पेस्ट आणि रात्रीचा ब्रश, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघायचे. डाग पुन्हा चकचकीत दिसू लागला, वाढणे थांबले, की समजा तो दात वाचला.